परसातली कोंबडी मालकिणीलाच टोचते तेव्हा : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरे

प्रश्न : आमचे घर खानापूर तालुक्यात, जांबोटीच्या बाजूला आहे. परसात सात कोंबड्या आणि एक कोंबडा आहे. त्यांतील तांबूस रंगाची, दीड वर्षाची एक गावठी कोंबडी गेल्या दहा-बारा दिवसांपासून फार टोचते. अंडी काढण्यासाठी खुराड्यात हात घातला की ती अंग फुलवून चोच मारते. परवा मनगटातून रक्त आले. दाणे टाकताना तर ती पायाशी येऊन जोडव्यांवर टोचते. शेजारच्या मावशी तिच्या नाकात पीस ओवायला सांगतात, धाकटे दीर चोचीचे टोक कापावे म्हणतात आणि घरातील बाकीच्यांचे मत सरळ रस्सा करावा असे आहे. मे महिन्यात पुण्याहून नातवंडे येणार आहेत, त्यामुळे मलाही काळजी वाटते. परंतु ही कोंबडी आजवर अतिशय शांत होती आणि मला ती ठेवायची आहे. काय करावे?
— एक वाचक भगिनी, खानापूर तालुका

उत्तर : आपल्या पत्रात दोन निराळ्या तक्रारी एकत्र आल्या आहेत. खुराड्यात हातावर बसणारी चोच आणि अंगणात जोडव्यांवर बसणारी चोच या एकाच कोंबडीच्या असल्या तरी त्यांची कारणे वेगळी आहेत, आणि ती वेगळी केल्याशिवाय उपाय लागू पडणार नाही. कोंबडी टोचू लागली की आपण ती ‘मारकी झाली’ असे म्हणून मोकळे होतो. त्याऐवजी ती कुठे टोचते, दिवसाच्या कोणत्या वेळी टोचते आणि टोचताना तिचे अंग कसे असते, एवढे तीन-चार दिवस शांतपणे पाहिले तर बहुतेक वेळा उत्तर तिच्याकडूनच मिळते.

खुराड्यातील गोष्ट आधी घेऊ. शांत गावठी कोंबडी दीड वर्षाच्या वयात, ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर, एकाएकी घरट्यातच टोचू लागते आणि अंग फुलवते, याचा अर्थ बहुधा ती खुडूक बसली आहे, म्हणजे अंडी उबवण्यासाठी घरटे धरून बसली आहे. खात्री करण्याचा सोपा मार्ग म्हणजे अंधार पडल्यावर खुराड्यात पाहणे. इतर कोंबड्या दांडीवर बसलेल्या असताना ही एकटीच घरट्यात पसरून बसलेली दिसली, तर शंका उरत नाही. आणखी काही खुणाही आहेत. ती दिवसातून एखाद्याच वेळी, पंधरा-वीस मिनिटांसाठी उठते, घाईने दाणापाणी घेते, नेहमीपेक्षा मोठी आणि उग्र वासाची विष्ठा टाकते आणि पुन्हा जाऊन बसते. अंडी घालणे तिने थांबवलेले असते, तुरा थोडा फिकट पडतो, पोटाखालची पिसे गळून तेथील कातडी उघडी पडते आणि हात लावला तर ती चांगली गरम लागते. आवाजही बदलतो, घशातल्या घशात ‘कुर्र’ असा लांबट, दबलेला आवाज ती काढते. हा आवाज म्हणजे टोचण्यापूर्वीचा इशारा असतो आणि आपण तो ऐकायला शिकलो तर निम्म्या चोची टळतात.

यात तिचा राग आपल्यावर नसतो. अंडी साठत गेली की कोंबडीच्या शरीरात प्रोलॅक्टिन नावाच्या संप्रेरकाचे प्रमाण वाढते आणि त्याच्या प्रभावाखाली ती बसते. रानात जमिनीवर घरटे करणाऱ्या पाखराकडे मुंगूस आणि सापापासून अंडी राखण्यासाठी चोचीखेरीज दुसरे हत्यारच नसते. आपल्या भीमगडच्या जंगलात पहाटे आरवणारा राखी रानकोंबडा आणि परसातील गावठी कोंबडी यांचे नाते जवळचे आहे. पाळीव कोंबडीचा मुख्य पूर्वज तांबडा रानकोंबडा असला, तरी तिच्या कातडीचा आणि पायांचा पिवळा रंग राखी रानकोंबड्याकडून आला असल्याचे २००८ साली जनुकांच्या अभ्यासातून दिसून आले. सुधारित जातींमध्ये खुडूक बसण्याची प्रवृत्ती माणसाने पिढ्यान्‌पिढ्या निवड करून बरीच कमी केली आहे. गावठी कोंबडीत ती टिकून आहे, आणि माझ्या मते तो तिचा दोष नसून मोठा गुण आहे, कारण ज्या घरी यंत्र नाही त्या घरी पिल्ले काढायला तीच उपयोगी पडते.

आता निर्णय आपल्याला करायचा आहे : तिला अंड्यांवर बसवायचे की तिचा खुडूकपणा मोडायचा? अंडी उबायला २१ दिवस लागतात. आज बसवली तर पिल्ले नेमकी नातवंडांच्या सुट्टीत बाहेर येतील, आणि पिल्ले सोबत असलेली कोंबडी ही घरट्यातील कोंबडीपेक्षा कितीतरी अधिक आक्रमक असते. ती धावून येते, उडी मारते आणि लहान मुलाच्या तोंडापर्यंत पोहोचते. शिवाय आपल्या भागात जून उजाडला की पावसाची झड सुरू होते. ओल आणि गारठा लहान पिल्लांना सोसत नाही. म्हणून या खेपेला तिला बसवू नये, असा माझा स्पष्ट सल्ला आहे. दिवाळीनंतर ती पुन्हा खुडूक बसली तर एका वेळी दहा-अकरा ताजी, आठवड्याच्या आतील अंडी तिच्याखाली ठेवावीत; त्या वेळी हवाही चांगली असते.

खुडूकपणा मोडण्यासाठी तिच्या पोटाला गारवा मिळणे आवश्यक असते. तळाला जाळी असलेला पिंजरा किंवा भाजीचा प्लॅस्टिकचा क्रेट घ्यावा आणि खालून वारा खेळावा म्हणून तो चार विटांवर उचलून, सावलीत, इतर कोंबड्या दिसतील अशा ठिकाणी ठेवावा. आत गवत, पोते, भुसा यांपैकी काहीही घालू नये, मात्र दाणे आणि पाणी पोटभर असावे. तीन ते चार दिवस तिला रात्रंदिवस तेथेच ठेवावे. रात्री मात्र मुंगूस आणि रानमांजर यांपासून संरक्षण हवे. चौथ्या दिवशी संध्याकाळी सोडल्यावर ती दांडीवर गेली तर काम झाले. घरट्याकडे वळली तर आणखी दोन दिवस ठेवावे. त्यानंतर साधारण दोन-तीन आठवड्यांत ती पुन्हा अंडी घालू लागते. नाकात पीस ओवण्याचा उपाय आपल्याकडे घरोघरी सांगितला जातो, आणि मावशींनी तो चांगल्या हेतूनेच सांगितला असणार. पण त्याने श्वासाच्या वाटेला जखम होते, आणि कोंबडी घरट्यातून उठते ती खुडूकपणा गेला म्हणून नव्हे, तर वेदनेने सैरभैर होऊन. थंड पाण्यात बुडवण्याचेही तसेच. चोचीबद्दल दिरांना इतकेच सांगावे की तिच्या टोकापर्यंत नसा असतात आणि जी कोंबडी परसात उकरून, निवडून पोट भरते तिची चोच म्हणजे तिचे बोट आहे. ते कापण्याचा विचार कृपया मनातून काढून टाकावा.

तोपर्यंत अंडी कशी काढावीत? येथे हाताची चाल फार महत्त्वाची आहे. बहुतेक जण वरून हात घालतात. वरून येणारी कोणतीही वस्तू कोंबडीला घारीची झडप वाटते, मग ती खुडूक असो वा नसो. म्हणून खुराड्याजवळ जाताना आधी तिला नेहमीच्या शब्दांनी हाक मारावी, खाली बसावे, तळहात वर करून हात जमिनीलगत, बाजूने, तिच्या छातीखाली सावकाश सरकवावा, आणि हाताच्या पाठीने तिला किंचित उचलून बोटांनी अंडे काढून घ्यावे. दुसऱ्या हातात एखादी ताटली तिच्या चोचीसमोर आडवी धरली तर चोच ताटलीवर बसते. जुन्या स्वेटरची बाही मनगटापर्यंत चढवली तरी पुरे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे चोच बसल्यावर हात झटक्याने मागे घेऊ नये. टोचले की हात जातो, हे कोंबडी दोन-तीन वेळांतच शिकते आणि मग खुडूकपणा सरल्यावरही ती सवय राहते. तिला मारणे तर अगदीच निरुपयोगी; मार आणि घरट्यावरील संकट यांत ती फरक करू शकत नाही, त्यामुळे पुढच्या वेळी ती अधिक जोराने टोचते.

जोडव्यांचे कोडे याहून सोपे आहे. कोंबडीला रंगांची नजर आपल्याहून तीक्ष्ण असते. माणसाच्या डोळ्यांत रंग ओळखणाऱ्या पेशी तीन प्रकारच्या असतात, तिच्या डोळ्यांत चार प्रकारच्या असतात आणि अतिनील प्रकाशही तिला दिसतो. जमिनीलगत चमकणारी, दाण्याएवढी वस्तू ती टोचून पाहणारच. या टोचण्यात अंग फुललेले नसते, आवाज नसतो, चोच एकदा लागते आणि मान लगेच तिरपी करून ती पाहत राहते. माझ्या डाव्या मनगटावर एक काळा तीळ आहे. आमच्याकडची एक पांढरी कोंबडी मी पाणी भरायला वाकलो की नेमकी त्याच तिळावर टोचत असे. पहिले काही दिवस मी तिला हुसकावत राहिलो. नंतर तिळावर चिकटपट्टी लावून गेलो तर तिने हाताकडे पाहिलेही नाही. आपणही आठवडाभर दाणे टाकताना पाय झाकणारी चप्पल किंवा जुने बूट घालून पाहावेत, आणि दाणे स्वतःच्या पायाशी न टाकता चार हात लांब, एका पाटीत टाकावेत.

एवढे करूनही, खुडूकपणाच्या खुणा नसताना, ती खुराड्यातच चिडचिडी राहिली तर रात्री बॅटरी घेऊन दांडीची खालची बाजू आणि फळ्यांच्या फटी पाहाव्यात. हे मी स्वतःच्या चुकीतून शिकलो. एका कोंबडीला खुडूक समजून मी जवळपास तीन आठवडे क्रेटमध्ये घालत आणि काढत होतो; शेवटी एका रात्री दांडी उलटी केली तेव्हा तिच्या खाली मोहरीच्या कणासारखे तांबडे, हलणारे ठिपके दाटून बसलेले दिसले. त्या रक्त पिणाऱ्या तांबड्या पिसवा (माइट) होत्या. त्या दिवसा फटीत लपतात आणि रात्री कोंबडीवर चढतात, त्यामुळे दिवसा कोंबडी तपासली तर काहीच सापडत नाही. त्या बिचारीला झोप नव्हती आणि मी तिलाच दोष देत होतो. खुराडे रिकामे करून उकळते पाणी ओतणे, उन्हात वाळवणे, फटींत चुना भरणे आणि कोंबड्यांना लोळायला कोरडी माती व चुलीची गाळलेली राख ठेवणे, याने बराच फरक पडतो. पिसवा फारच झाल्या असतील तर औषध मात्र डॉक्टरांच्या सांगण्यावरूनच वापरावे. शेतात फवारायचे औषध खुराड्यात कधीही मारू नये.

ती शेपटी खाली पाडून, सरळ उभी राहून जोर करताना दिसली, किंवा पोट सुजून खाणे सुटले, तर ते अंडे अडकल्याचे लक्षण असू शकते आणि तेव्हा घरी उपाय करत न बसता पशुवैद्यकीय दवाखाना गाठावा. आपल्याकडच्या दवाखान्यांत अनेकदा कन्नड बोलणारे कर्मचारी असतात. खुडूक बसण्याला ते ‘कावु’ला बसणे म्हणतात, एवढा शब्द माहीत असला तरी बोलणे सोपे होते.

नातवंडांसाठी एकच नियम पुरे आहे : कोंबडीसमोर उकिडवे बसून तिच्या तोंडाजवळ तोंड न्यायचे नाही. कोंबडी चकाकणाऱ्या ओल्या डोळ्यावरही टोचू शकते. मनगटावरची जखम आठ दिवसांत भरते. डोळ्याला झालेल्या इजेबद्दल तसे म्हणता येत नाही.

प्रश्न : मी चिकोडी तालुक्यातील एका गावात शिक्षक आहे. आठ पिल्लांपैकी एकच जगली, ती आम्ही स्वयंपाकघरात खोक्यात वाढवली आणि हातावर दाणे देऊन मोठी केली. आता तिला वर्ष झाले. ती माझ्यामागे फिरते, पण माझी पत्नी व मुले दाण्यांची पाटी घेऊन अंगणात आली की त्यांच्या पोटऱ्यांवर टोचते आणि माणसे पळाली की मागे धावते. खायला आम्ही तिला जोंधळे आणि उरलेली भाकरी देतो. हा स्वभाव बदलेल का?

उत्तर : बदलेल, पण बदल कोंबडीआधी घरातील माणसांना करावा लागेल. नॉर्वेतील प्राणिशास्त्रज्ञ श्यल्डरुप-एब्बे यांनी १९२१ साली कोंबड्यांच्या कळपाचे निरीक्षण प्रसिद्ध केले, त्यात कोणी कोणाला टोचायचे याची एक ठरलेली उतरंड प्रत्येक कळपात असते, असे त्यांनी दाखवले. आपल्या कोंबडीला कळपच मिळाला नाही. तिच्या दृष्टीने आपले कुटुंब हाच तिचा कळप आहे, आणि टोचल्यावर जो पळतो तो खालच्या पायरीवरचा, हा हिशेब तिने पत्नी आणि मुलांच्या बाबतीत पक्का केला आहे. त्यातच पाटी दिसली की दाणे मिळतात आणि टोचले की लवकर मिळतात, हेही तिला कळले आहे.

म्हणून आजपासून हातावर दाणे देणे घरातील सर्वांनी, आपणही, बंद करावे. पत्नीने तिच्यापासून मागे सरकू नये. लांब कपडे आणि बूट घालून एका जागी स्थिर उभे राहावे, ती बाजूला झाल्यावरच दाणे पसरट भांड्यात टाकावेत. ती धावून आली तर लाथ न मारता दोन्ही पंख अंगाशी धरून तिला उचलावे आणि काखेत घेऊन पाच-सात मिनिटे कामे करत फिरावे. तिचे अंग सैल पडले, मान खाली गेली, की मग खाली सोडावे. धडपडत असताना सोडले तर सुटका आपणच करून घेतली असे तिला वाटते. हे काम आपण नव्हे, पत्नीने करायचे आहे, आणि दोन आठवडे रोज करायचे आहे. मुलांनी मात्र यात पडू नये. मुले अंगणात असताना तिला डालग्याखाली ठेवावे. शक्य झाले तर तिच्याच वयाच्या दोन तलंगा (तरुण कोंबड्या) आणाव्यात. नव्या पाखरांना पंधरा दिवस वेगळे ठेवून, आजार नसल्याची खात्री करून, मग संध्याकाळच्या अंधारात खुराड्यात सोडावे. आपसांतील उतरंड ठरवण्यात तिचे लक्ष गुंतले की माणसांवरचे लक्ष आपोआप कमी होते.

तिच्या खाण्याबद्दल मला अधिक चिंता वाटते. जोंधळ्यात प्रथिने १०-११ टक्के असतात आणि भाकरी म्हणजे पुन्हा जोंधळाच. अंडी घालणाऱ्या कोंबडीला १६ ते १८ टक्के प्रथिने लागतात. प्रथिने आणि मीठ कमी पडले की कोंबडी पिसे, कातडी, रक्त यांवर टोचण्याकडे वळते, हे कोंबडीपालनात सर्वत्र अनुभवाला येते. १० किलो खाद्यासाठी ६ किलो जोंधळा किंवा मक्याचा भरडा, २ किलो सोयाबीनची पेंड, दीड किलो भाताचा बारीक कोंडा आणि अर्धा किलो शिंपल्यांचा चुरा, असे प्रमाण घरी जमण्यासारखे आहे. त्यात मीठ जेमतेम ३० ग्रॅम, त्याहून जास्त मुळीच नाही. आपल्या भागात सोयाबीन भरपूर पिकते म्हणून कोणी कच्चे दाणेच भरडून घालतात, ते टाळावे, कारण कच्च्या सोयाबीनमधील एका घटकामुळे कोंबडीला प्रथिने पचत नाहीत. शेंगपेंडही चालते, मात्र पावसाळ्यात तिला बुरशी आलेली नाही ना, ते फोडून, वास घेऊन पाहावे. बुरशीची पेंड हे कोंबडीला विषच असते. एका कोंबडीला रोज ११० ग्रॅमच्या आसपास खाद्य पुरते, त्यामुळे एवढे मिश्रण एकट्या कोंबडीला तीन महिने जाईल. तितके दिवस ते टिकणार नाही, म्हणून निम्मे किंवा पाव प्रमाणातच करावे.

प्रश्न : कोंबडीने टोचून रक्त आले तर कुत्रा चावल्यावर घेतात तशी इंजेक्शने घ्यावी लागतात का? आमच्या आईने जखमेवर तंबाखूची पूड दाबली होती, आणि पिसवा होऊ नयेत म्हणून घरट्यातही ती तंबाखूच्या काड्या घालते.
— एक वाचक, निपाणी परिसर

उत्तर : रेबीज हा सस्तन प्राण्यांच्या चाव्यातून होणारा रोग आहे, कोंबडीच्या चोचीतून तो होत नाही, तेव्हा ती इंजेक्शने लागत नाहीत. धनुर्वाताची गोष्ट वेगळी आहे. खुराड्यातील माती आणि विष्ठा जखमेत जाते, म्हणून जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पाच-दहा मिनिटे नीट धुवावी, जंतुनाशक लावावे आणि शेवटचे धनुर्वाताचे इंजेक्शन पाच वर्षांपूर्वीचे किंवा त्याआधीचे असेल तर डॉक्टरांना विचारून ते घ्यावे. जखमेभोवती लाली पसरू लागली, पू झाला, ताप आला तर थांबू नये. आईंना मधुमेह असेल तर लहान जखमही डॉक्टरांना दाखवावी.

तंबाखूची पूड जखमेवर लावू नये. तिच्यातील निकोटीन जखमेतून अंगात जाते आणि पुडीबरोबर घाणही जाते. निपाणीकडे तंबाखू घरातलीच वस्तू असल्याने घरट्यात काड्या घालण्याची पद्धत जुनी आहे आणि पिसवांवर तिचा परिणाम होतो हेही खरे, परंतु बंद, ओलसर घरट्यात तेच निकोटीन नुकत्याच बाहेर आलेल्या पिल्लांच्या ओल्या अंगाला लागते. कोंबडी अंड्यांवर बसली असेल तर आजच त्या काड्या काढून घ्याव्यात आणि त्यांच्या जागी कोरडा भाताचा पेंढा व थोडा कडुनिंबाचा पाला घालावा. काड्या काढण्याचे काम कोंबडी दाणापाण्याला उठली असताना करावे, म्हणजे हातावर पुन्हा चोच बसणार नाही.